घरकुलाचा अर्ज भरण्याआधी जागेचा कागद: मराठवाड्यातल्या शहरांसाठी पायरीपायरीनं

आमच्या वस्तीत घरकुलाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, किती मिळतात?" मी उलट विचारते, "जागा कुणाच्या नावावर आहे?" बहुतेकदा यावर सगळे एकमेकांकडं बघत राहतात.

मला हा प्रश्न स्वतःच्या घरानं शिकवला. सासऱ्यांनी वीस बाय तीसचा प्लॉट शंभराच्या बाँडवर घेतला होता. घरपट्टी नियमित भरत होतो, नळ होता, मीटर होतं. आम्हाला वाटायचं, आणखी काय पाहिजे? आमची फाईल दोनदा परत आली. कागद नीट करण्यात अडीच वर्षं गेली आणि घर बांधायला फक्त नऊ महिने लागले. तेव्हापासून वस्तीस्तर संघाच्या, म्हणजे वस्तीतल्या बचत गटांच्या संघाच्या, कामात मी बायांना आधी जागेच्या कागदाकडं नेते, फॉर्मकडं नंतर. हा लेखही त्याच क्रमानं आहे.

योजना कोणती, रक्कम किती

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ला सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा, ज्याला सगळे 'दोन पॉइंट शून्य' म्हणतात, १ सप्टेंबर २०२४पासून लागू आहे. पाच वर्षांत देशभरातल्या शहरांत १ कोटी कुटुंबांना मदत करायचं तिचं उद्दिष्ट आहे. तिच्यात चार वाटा आहेत. स्वतःच्या जागेवर घर बांधायचं असेल तर वैयक्तिक घरकुल, म्हणजे बीएलसी. जागाच नसेल तर म्हाडा, पालिका किंवा खासगी विकासकाच्या प्रकल्पातली सदनिका, म्हणजे एएचपी. तिसरी वाट भाड्याच्या घरांची. चौथी गृहकर्जाच्या व्याजावर सवलतीची.

आपल्याकडच्या परभणी, बीड, हिंगोली, उदगीर, अंबाजोगाई, सेलू अशा गावांत लोकांचा खरा संबंध येतो तो बीएलसीशी. त्यात केंद्राचे १.५ लाख आणि राज्याचे १ लाख मिळून २.५ लाख मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं आणि घराचं चटई क्षेत्र ३० ते ४५ चौरस मीटर.

व्याज सवलत ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मिळते. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत चालतं. पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के सवलत धरून जास्तीत जास्त १.८० लाख रुपये पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतात. १ सप्टेंबर २०२४ नंतर मंजूर झालेल्या कर्जालाच हे लागू आहे. पगारपत्रक किंवा आयकर विवरण असलेल्यांना ही वाट सोपी जाते. भाजीवाली, हमाल, घरकाम करणारी बाई यांना बँकेत उभं करून घेत नाहीत, म्हणून मी पुढं बीएलसीवरच बोलणार आहे.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्याची रमाई आवास योजना वेगळी आहे. शहरात तिचंही अनुदान २.५ लाख आहे, पण लाभार्थ्याला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो: नगरपालिका हद्दीत ७.५ टक्के, महानगरपालिका हद्दीत १० टक्के. दोन्ही योजना एकदम घेता येत नाहीत. पालिकेत दोन्ही याद्यांची स्थिती विचारा आणि जिथं लवकर नंबर लागेल तिथं अर्ज टिकवा.

कुटुंब म्हणजे कोण

योजनेच्या भाषेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं-मुली. लग्न झालेला मुलगा आईबापांजवळ राहत असला तरी त्याचं कुटुंब वेगळं धरलं जातं. सासऱ्यांना गावाकडं घरकुल मिळालं म्हणून आपल्याला मिळणार नाही, अशी भीती मी खूप घरांत ऐकते. तेवढ्यावरून अर्ज सोडून देऊ नका, पालिकेत विचारून घ्या.

खरी अडचण दुसरीकडं आहे. या कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर असता कामा नये आणि मागच्या २० वर्षांत कोणत्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. यात नांदेडकरांनी विशेष लक्ष द्यावं. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या जुन्या शहर विकास योजनेच्या काळात नांदेड-वाघाळा शहरात बीएसयूपीची, म्हणजे तिच्यातल्या गरिबांसाठीच्या भागातली, घरं मोठ्या संख्येनं झाली. २००९ साली ते घर घेतलेलं कुटुंब २०२९पर्यंत अडतं. छोट्या शहरांत आयएचएसडीपी या तशाच योजनेतून घरं झाली, त्यांनाही हेच लागू. पडताळणी आधारवर होते. लपवलं तर फाईल रद्द होईलच, शिवाय मिळालेले पैसे परत मागितले जातील.

घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर असावं लागतं. म्हणून आधार, बँक आणि जागेचा कागद या तिन्हींवर बाईचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते आजच बघा. माहेरचं नाव एकीकडं, सासरचं दुसरीकडं, 'बी' एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावर फाईल महिनोन्‌महिने पडून राहते.

जागेचा कागद: इथं घाई करू नका

आधी एक गैरसमज काढून टाका. नगरपालिकेचा पीटीआर, म्हणजे नमुना नंबर ४३चा कर आकारणी उतारा, हा मालकीचा कागद नाही. घरपट्टी कोण भरतं एवढंच तो सांगतो. काही पालिका त्याला पूरक पुरावा म्हणून घेतात, पण फक्त त्याच्या जोरावर बसू नका. भूमी अभिलेख कार्यालयातलं मालमत्ता पत्रक, म्हणजे पीआर कार्ड, काढा. वस्ती सिटी सर्व्हेच्या बाहेर असेल तर सातबारा. त्या उताऱ्यावर जे नाव निघेल त्यावरून तुमचा पुढचा रस्ता ठरतो.

तुमचं स्वतःचं नाव आणि रजिस्ट्री केलेलं खरेदीखत असेल तर तुम्ही नशीबवान. पुढच्या भागाकडं जा.

नाव सासऱ्यांचं असेल आणि ते हयात असतील तर बक्षीसपत्र करून घ्या. राहत्या घराची मिळकत मुलाला, मुलीला, नातवंडांना किंवा मयत मुलाच्या बायकोला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. विधवा सुनेचं नावही या सवलतीत आहे, हे लक्षात असू द्या. दिराशी भांडण होण्याआधी हे काम झालं तर तिचं आयुष्य सुकर होतं. सासरे वारले असतील तर आधी वारसनोंद, मग बहीण-भावांची संमती किंवा हक्कसोड. नणंदांना शेवटी सांगू नका, पहिल्याच दिवशी विश्वासात घ्या.

आता बाँडवरच्या जागा. मराठवाड्यातल्या प्रत्येक शहराच्या कडेला अशा वस्त्या आहेत. शेतकऱ्यानं एकरात चुन्याच्या रेघा मारल्या, प्लॉट पाडले, ना एनए (बिगरशेती परवानगी) ना मंजूर ले-आउट, आणि शंभराच्या बाँडवर पैसे घेतले. त्या बाँडनं मालकी येत नाही. सुटकेचा मार्ग गुंठेवारी कायद्यातून जातो. मूळ कायदा २००१चा आहे. २०२१च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या गुंठेवारी वस्त्या त्यात आल्या. पालिकेकडं अर्ज, मोजणीचा नकाशा, बांधकामाचा नकाशा, विकास शुल्क आणि प्रशमन शुल्क भरल्यावर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मिळतं. पण त्या प्रमाणपत्रानं बाँडचं खरेदीखत होत नाही. मूळ मालकाकडून, तो नसेल तर त्याच्या वारसांकडून, रजिस्ट्री करून घ्यावीच लागते.

आमचं घोडं इथंच अडलं होतं. मूळ मालक वारलेले, तीन मुलगे, त्यातला एक पुण्यात. एकट्यानं गेलो तेव्हा त्यांनी आजच्या भावानं पैसे मागितले. मग गल्लीतली चौदा घरं एकत्र आली. एकच वकील, एकच मोजणी, वारसांशी एकच बैठक. भाव उतरला, खर्चाचे चौदा वाटे झाले, आणि तिघं भाऊ एकाच दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात आले. तुमच्या गल्लीचंही काम असंच होईल याची खात्री मी देत नाही, पण एकट्यानं जाण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. शासनानं २०२५मध्ये तुकडेबंदी कायदाही शिथिल केला आहे, तेव्हा 'तुकड्याची रजिस्ट्री होत नाही' असं जुनं उत्तर कुणी दिलं तर ते मान्य करून परत फिरू नका. लेखी मागा.

सरकारी जागेवर घर असेल तर राज्याचा नोव्हेंबर २०१८चा शासन निर्णय वाचून घ्या. १ जानेवारी २०११च्या आधीपासूनची निवासी अतिक्रमणं आवास योजनेसाठी नियमानुकूल करण्याची तरतूद त्यात आहे. हे काम एकेका अर्जानं होत नाही. सगळ्या वस्तीची मोजणी, यादी आणि प्रस्ताव लागतो. २०११ पूर्वीचा पुरावा म्हणून जुनी मतदार यादी, वीजबिल, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, काय सापडेल ते जपा. नदीनाल्याच्या पात्रातली, रस्त्याच्या आरक्षणातली जागा यात बसत नाही. तिथं दुसऱ्या जागेची मागणी करणंच खरं.

शेवटी मराठवाड्याचं खास दुखणं. निजामाच्या काळातल्या इनाम जमिनी, देवस्थानच्या, वक्फच्या. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २', 'खिदमतमाश', 'मदतमाश' असे शब्द दिसले तर तिथंच थांबा. १९५४-५५चं खासरा पाहणी पत्रक तहसीलमधून काढा. त्या काळी जमीन कुणाची आणि कोणत्या प्रकारची होती ते त्यात दिसतं. नवीन प्लॉट घेणाऱ्यांनी तर हा कागद बघितल्याशिवाय इसार देऊ नये. मी दोन कुटुंबं अशी पाहिली आहेत ज्यांनी ऊसतोडीच्या चार हंगामांची उचल अशा जागेत घातली आणि आजही ती पत्र्यात राहतात.

अर्ज आणि मंजुरी

अर्ज योजनेच्या पोर्टलवर स्वतः, सेवा केंद्रातून किंवा पालिकेच्या आवास कक्षातून भरता येतो. लागणारे कागद: कुटुंबातल्या सगळ्यांची आधार कार्डं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं, जागेचा कागद, आणि पक्कं घर नसल्याचं शपथपत्र. अर्जाचा क्रमांक वहीत लिहा, मोबाईलवर विसंबू नका.

खात्याबद्दल एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. केवायसी अर्धवट असताना उघडलेलं 'लघु खातं' असेल तर त्यात एका वेळी ५०,०००पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षाला १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. अशा खात्यात हप्ता अडकतो. बँकेत जाऊन केवायसी पूर्ण करून घ्या.

पालिका पात्र अर्जांचा प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर, करते. तो म्हाडाकडं जातो, कारण राज्यात या योजनेची समन्वय संस्था म्हाडा आहे. मग मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची राज्य समिती, मग केंद्राची समिती. यात महिने जातात. 'तुमचं नाव डीपीआरमध्ये गेलं का, कोणत्या क्रमांकाच्या?' हा नेमका प्रश्न विचारा. 'माझ्या अर्जाचं काय झालं' असं विचारलं की 'वरती पाठवलंय' एवढंच ऐकून घरी यावं लागतं.

मंजुरी येईपर्यंत जुनं घर पाडू नका. हे मी हात जोडून सांगते. काम सुरू होण्याआधीच्या स्थितीचा जिओ टॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो, पालिकेच्या माणसानं काढावा लागतो. बांधकाम परवानगी हातात हवी. उत्साहात आधीच पाया खोदलेल्यांची प्रकरणं अडकलेली मी पाहिली आहेत. परवानगी आता तितकी अवघड राहिलेली नाही. २०२०च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी सोपी पद्धत आहे, फक्त जागा कायदेशीर हवी. पुन्हा तोच कागद.

२.५ लाखांत घर होत नाही

हिशोब स्पष्ट मांडते. ३० चौरस मीटर म्हणजे ३२३ चौरस फूट. मजुरी-मटेरियल धरून १,७०० रुपये फुटाचा दर पकडला तर ५ लाख ४९ हजार होतात. अनुदान वजा केलं तर जवळजवळ ३ लाख घरातून उभे करायचे आहेत. ते कुठून येणार हे पाया खोदण्याआधी कागदावर लिहा. सावकाराकडून 'हप्ता येईपर्यंत' म्हणून उचललेले पैसे हप्ता आल्यावरही फिटत नाहीत. बचत गटाच्या अंतर्गत कर्जाचा आणि बँक जोडणीचा उपयोग इथं करा.

दोन मदती लोक विसरतात. घरकुल लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद राज्याच्या २०२५च्या वाळू धोरणात आहे. ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यामुळं एवढ्या घराची बहुतेक वाळू यात भागते. वाहतूक आपली. मंजुरीचं पत्र घेऊन तहसीलमध्ये अर्ज करा आणि पावसाळ्याआधी करा. दुसरी मदत बांधकाम कामगारांना. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र असेल तर कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. नोंदीत, सक्रिय कामगाराला अटल बांधकाम कामगार आवास योजनेतून २ लाखांची जोड मिळू शकते. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या बायाही यात बसतात. नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका.

बांधकाम

आपली जमीन काळी आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंतींना तिरक्या चिरा जातात. पाया मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम फार खोल असेल तर पालिकेच्या इंजिनिअरला कॉलमच्या पायाबद्दल विचारा. पायाच्या खड्ड्यात तीच काळी माती परत भरू नका, मुरूम भरून धुम्मस करा.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या पट्ट्यात जे झालं ते आपल्या मोठ्या माणसांनी पाहिलंय. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावर माळवदाचं ओझं झोपेतल्या माणसांवर आलं. तेव्हा जोते, लिंटल आणि छत या तिन्ही पातळ्यांवर चारही भिंतींना बांधणारा सलग सळईचा पट्टा टाकायला लावा. मिस्त्री 'एवढ्याशा घराला कशाला?' म्हणतील. ऐकू नका. टाइल्स नंतर बसवता येतात, पट्टा नंतर घालता येत नाही.

पाण्याचं गणितही आधी करा. लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टँकरचं पाणी विकत घेऊन कोण क्युरिंग करणार? दिवाळीच्या सुमारास पाया, आणि होळीच्या आत स्लॅब असा बेत ठेवा. स्लॅबवर वाफे करून निदान दहा दिवस पाणी उभं राहिलं पाहिजे. ऊसतोडीला जाणाऱ्यांची अडचण अशी की हेच महिने ते कारखान्यावर असतात. घरचं एक माणूस मागं ठेवा, नाहीतर काम बघायला कुणी नसतं आणि फोटोसाठीही कुणी नसतं.

हप्ते

पैसे टप्प्यांनी येतात: पाया, लिंटल, छत, पूर्णत्व. प्रत्येक टप्प्यावर जिओ टॅग फोटो झाला तरच पुढचा हप्ता. केंद्राचा हिस्सा पालिकेला ४०, ४०, २० टक्के असा मिळतो आणि राज्याचा वेगळा येतो, त्यामुळं तुमचा टप्पा झाला तरी कधी कधी पालिकेच्या खात्यातच पैसे नसतात. टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी आवास कक्षात लेखी कळवा, पोच घ्या.

हप्ता अडला तर आधी कारण लेखी मागा. मिळालं नाही तर माहितीचा अधिकार: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. 'अर्जाची सद्यस्थिती, फाईल कुणाकडं किती दिवस होती, आणि योजनेचा किती निधी शिल्लक आहे' हे तीन मुद्दे विचारा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथं आधीच्या अर्जांच्या पोच जोडून जा. एकटीनं जाऊ नका, पाच-सहा जणी जा.

घरासोबत वस्ती

घर पक्कं झालं आणि दारातून सांडपाणी वाहतंय, असं नको. अनुसूचित जातींच्या शहरी वस्त्यांसाठी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधारणा योजना आहे, इतर वस्त्यांसाठी दलितेतर वस्ती सुधारणा. रस्ता, नाली, दिवे, समाजमंदिर अशी कामं त्यातून होतात. वस्तीस्तर संघाच्या बैठकीत ठराव करा, कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत नाली हवी ते मीटरमध्ये लिहा, आणि पालिकेचं अंदाजपत्रक ठरण्याआधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत द्या. मार्चनंतर दिलेला अर्ज वर्षभर कपाटात राहतो. नाली घराच्या जोत्याआधी झाली तर उत्तम, कारण रस्ता उंच होऊन घर खड्ड्यात जाण्याचा प्रकार प्रत्येक शहरात आहे. म्हणून जोतं धरताना रस्त्याची पुढची उंची इंजिनिअरला विचारा.

घर पूर्ण झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला घ्या, पीटीआरला बाईचं नाव लावून घ्या, आणि शेवटच्या फोटोच्या दिवशी तिला त्या दिवसाचा रोज बुडवून घरी थांबायला सांगा. फोटोत दार, घराची पाटी आणि लाभार्थी तिन्ही दिसावं लागतं.